राखाडी झाकणाची नळी

मी दारू पीत नाही. हे साधे वाक्य १८ जानेवारी २०२५ नंतरच्या आठ महिन्यांत मला दोन रुग्णालये, दोन पोलीस ठाणी, कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि आमच्या घरचे जेवणाचे टेबल अशा सगळीकडे पुन्हा पुन्हा म्हणावे लागले. पेयात नकळत काही मिसळले गेले तर काय करावे, हे शोधताना ‘ग्लासवरची नजर ढळू देऊ नका’ या जातीचे सल्ले मला भरपूर मिळाले; पण नजर ढळल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे जायचे, हे सांगणारे काही हाती लागले नाही. म्हणून हे लिहिते आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे ठिकाणाचे, कंपनीचे किंवा माणसांचे नाव येथे येणार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी पुण्यातील एका गच्चीवरच्या बारमध्ये आमच्या विभागातील सहकाऱ्याची निरोपाची पार्टी होती. आम्ही नऊ जण होतो. मी व्हर्जिन मोहितो मागवला, म्हणजे पुदिना, लिंबू, साखर आणि सोडा. तो टेबलावर आला त्याच वेळी आईचा फोन आला, आवाजामुळे ऐकू येईना म्हणून मी जिन्यापाशी गेले आणि आठ-दहा मिनिटांनी परतले. चव किंचित कडसर लागली. पुदिना देठांसकट चुरडला असावा, असे मी मोठ्याने म्हणाले आणि टेबलावर कोणीतरी हसले. दुसरा ग्लास मी मागवलेला नव्हता. तो माझ्यासमोर आणून ठेवला गेला आणि गप्पांच्या नादात मी तोही संपवला. साडेनऊच्या सुमारास दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर होतात तसे माझे ओठ जड झाले. त्यानंतरचे सलग काही आठवत नाही. स्वच्छतागृहाची हिरवी फरशी, लिफ्टमधला आरसा आणि माझ्या पाठीवर फिरणारा एक हात, एवढेच तुकडे उरले आहेत.

तो हात माझ्या सहकारी मैत्रिणीचा होता. मी दारू घेत नाही हे तिला चार वर्षांपासून माहीत होते, त्यामुळे माझी जीभ अडखळू लागताच ‘हिला चढली आहे’ असे म्हणून सगळे हसत असताना तिने एकटीने ‘हिला काहीतरी झाले आहे’ असे म्हटले. आमच्यातील एक जण ‘मी सोडतो तिला, माझ्याच वाटेवर आहे’ असे दोनदा म्हणाला, आणि तिने दोन्ही वेळा त्याला नको म्हटले. टॅक्सीत तिने मला कुशीवर झोपवले, कारण मला उलट्या होत होत्या आणि उताणे झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

जवळच्या खासगी रुग्णालयात रात्री १० वाजून ४० मिनिटांनी माझे रक्त घेतले गेले, सलाईन लावले गेले आणि ‘किती प्यायली?’ असा प्रश्न विचारला गेला. मैत्रीण म्हणाली की ही पीतच नाही. त्यावर तेथील डॉक्टर म्हणाले, “सगळे असेच सांगतात.” सकाळी साडेसहाला घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ‘अल्कोहोल इन्टॉक्सिकेशन’ एवढेच लिहिलेले होते आणि बिल ६,८४० रुपयांचे होते. पोलिसांना कळवण्यासाठी करावी लागणारी एमएलसीची, म्हणजे ‘मेडिको-लीगल केस’ची, नोंद झालेली नव्हती. आपल्या माणसाला अशा अवस्थेत कोणी रुग्णालयात नेले, तर ‘पेयात काहीतरी मिसळले असावे असा आम्हाला संशय आहे, एमएलसी करा’ हे वाक्य तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे, एवढे मी आता नक्की सांगू शकते. लिहून दिलेला कागद बाजूला सारणे कोणालाही तितके सोपे जात नाही.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा होता. तिला दोष देत नाही. ती रात्रभर जागी होती. पण त्या प्रश्नामुळे मी दोन तास खोलीत पडून राहिले, आणि त्या दोन तासांची किंमत मला नंतर कळली. मी स्वतःच्या मनाशी हिशेब करत होते की काही ‘झालेले’ तर नाही, मैत्रिणीने मला सुखरूप आणले, मग तक्रार तरी कशाची करायची? वहिनी चहा घेऊन आत आली आणि कोपऱ्यात पडलेला माझा कुर्ता बघून म्हणाली, “हा धुवायला टाकू नकोस.” तिने तो साडीच्या दुकानाच्या कागदी पिशवीत घडी करून ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर कपडा कुजतो आणि त्यावरचे डाग निरुपयोगी होतात, हे तिला कुठून माहीत होते कोणास ठाऊक.

अकरा वाजता वहिनी आणि मी घराजवळच्या पोलीस ठाण्यात पोहोचलो. ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “मद्यपानाचा परवाना होता का?” महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षांची आहे, आणि बारमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेकांना याची आठवणही नसते. मी दारू मागवलीच नव्हती, त्यामुळे तो प्रश्न मला लागू नव्हता; पण त्या क्षणी माझ्या मनात आले की बावीस वर्षांची एखादी मुलगी याच टेबलासमोर उभी असती, तर हा प्रश्न ऐकून ती तेथूनच मागे फिरली असती. मागे फिरू नये. परवान्याचा प्रश्न वेगळा आहे आणि दुसऱ्याने आपल्याला काही पाजणे हा गुन्हा वेगळा आहे. पहिल्यामुळे दुसरा नाहीसा होत नाही.

पुढची दोन उत्तरे ठरलेली होती. एक, घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही, तिकडच्या ठाण्यात जा. दोन, आत्ता अर्ज द्या, चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू आणि मग बघू. वहिनीची मामेबहीण वकील आहे. तिने फोनवर दोन्ही गोष्टींची उत्तरे दिली, ती येथे सविस्तर लिहिते, कारण कोणाला तरी ती उभ्या उभ्या लागतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. तिला शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूद त्याच कलमात आहे खरी, पण ती तीन वर्षे किंवा अधिक आणि सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. आपला गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली येतो, जे पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३२८ होते. इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, अथवा इजा होण्याची शक्यता माहीत असताना, विष किंवा गुंगी आणणारा, मादक वा अपायकारक पदार्थ देणे हा तो गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. तरीही कोणी नोंद घेतली नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

वहिनीने हे सगळे आवाज न चढवता सांगितले. अंमलदारांनी आत जाऊन विचारले, मग एक महिला पोलीस उपनिरीक्षक आल्या आणि चित्र बदलले. त्यांनी पहिल्यांदा जबाब घेतला नाही, त्या म्हणाल्या, “लिहायचे ते संध्याकाळी लिहू, आधी मेडिकल यादी घेऊन दवाखान्यात जा. शरीर थांबत नसते.” मेडिकल यादी म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी रुग्णालयाला दिलेले पत्र. खरे तर ती नसतानाही थेट सरकारी रुग्णालयात जाता येते आणि तेथील डॉक्टर स्वतः एमएलसी नोंदवून पोलिसांना कळवतात. हे ठाऊक असते, तर मी सकाळी साडेसहालाच तिकडे गेले असते.

सरकारी रुग्णालयात एक महिला हवालदार आमच्यासोबत होत्या. आम्ही साडेबाराला पोहोचलो आणि अडीच वाजता माझा क्रमांक आला. मधल्या काळात एका अपघातातील तीन जखमी आले होते, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नव्हते. तपासणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरांनी विचारले, “सकाळी उठल्यावर पहिली लघवी केव्हा केलीत?” मी सात वाजता असे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. गुंगीच्या काही औषधांचा, विशेषतः जीएचबीचा, माग रक्तात सहा-आठ तास आणि लघवीत साधारण बारा तासच राहतो. झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातील औषधे त्याहून जास्त काळ, कधी काही दिवसही सापडतात. दारू मात्र दर तासाला उतरत जाते. घरून निघायला उशीर होणार असेल, तर पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून, वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवावी, असे त्यांनी सांगितले. न्यायालयात अशा नमुन्याचे वजन कमी असते, कारण तो डॉक्टरांसमोर घेतलेला नसतो. पण डॉक्टरांना कोणत्या दिशेने शोधायचे हे त्यातून कळू शकते.

त्यांनी रक्त आणि लघवी घेतली. नळ्यांवर माझे नाव, वेळ आणि सही असलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या कापडाच्या पट्टीत गुंडाळल्या, मग शिपायाने मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली आणि गाठीवर लाल थेंब टपकवून त्यावर पितळी शिक्का दाबला. एवढ्या आधुनिक तपासणीच्या तोंडाशी हा जुन्या टपाल कचेरीतला प्रकार बघून मला हसू आले, आणि आदल्या रात्रीपासून मी पहिल्यांदाच हसले.

घरी सोडतानाचे कार्ड वाचता वाचता त्याच डॉक्टरांनी जे विचारले, त्यावर हे सगळे प्रकरण उभे राहिले. “काल रात्री यांनी शुगर तपासली होती ना? मग राखाडी झाकणाची नळी असेल.” रक्तातील साखर मोजण्यासाठी घेतलेले रक्त ज्या नळीत ठेवतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते, एकामुळे रक्तातील पेशी साखर खाऊन टाकत नाहीत आणि दुसऱ्यामुळे रक्त गोठत नाही. मद्याच्या तपासणीसाठी रक्त टिकवायलाही हीच द्रव्ये वापरतात. आता सोळा तासांनी घेतलेल्या रक्तात काही सापडण्याची आशा फार नव्हती, पण रात्री १० वाजून ४० मिनिटांचे रक्त त्या खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अजून पडलेले असू शकत होते.

मी तेथूनच फोन लावला. प्रयोगशाळेतील मुलगा म्हणाला की तपासून झालेले नमुने ते ४८ तास फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग टाकून देतात. म्हणजे सोमवारी रात्रीपर्यंतचा वेळ होता. नमुना जपून ठेवावा अशी विनंती मी चार वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाला ई-मेलने पाठवली, त्यात नोंदणी क्रमांक आणि नमुना घेतल्याची वेळ लिहिली, आणि तीच विनंती छापून, स्वागतकक्षात देऊन, पोहोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. पोहोचेचा आग्रह धरताना आपण उगाच भांडखोर वाटतो, वाटू द्यावे.

रविवारी रात्री साडेनऊला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवला गेला. जबाब लिहून व्हायला अडीच तास लागले. जबाबात ‘मला आठवत नाही’ हे वाक्य सहा ठिकाणी आहे. ते लिहून घेण्याचा आग्रह उपनिरीक्षकांनीच धरला, कारण न आठवणाऱ्या जागा अंदाजाने भरल्या, की पुढे उलटतपासणीत नेमक्या त्याच जागी बोट ठेवले जाते. सही करण्यापूर्वी मी प्रत्येक पान वाचले आणि ‘पेय प्राशन केले’ या शब्दांआधी ‘मद्यविरहित’ हा शब्द घालून घेतला. प्रथम खबरी अहवालाची प्रत तेव्हाच विनामूल्य मिळाली. ती मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे.

सोमवारी गुन्हा बारच्या हद्दीतील ठाण्याकडे वर्ग झाला आणि नव्या तपास अधिकाऱ्यांना सगळे पुन्हा सांगावे लागले. त्यांना नळीचे महत्त्व पटवताना मला डॉक्टरांनी सांगितलेले शब्दच्या शब्द आठवावे लागले. सायंकाळी पाच वाजता पंच घेऊन पोलीस खासगी रुग्णालयात गेले, नळी पंचनामा करून बर्फाच्या डब्यात ठेवली गेली, आणि तेव्हा साडेपाच तास शिल्लक होते.

त्याच दिवशी दुपारी मैत्रिणीने मला एक छायाचित्र पाठवले. पार्टीचा खर्च वाटून घेण्यासाठी कोणीतरी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला होता, प्रत्येकी १,३६० रुपये. त्यात ‘व्हर्जिन मोहितो २’ या ओळीखाली चार ओळी सोडून ‘व्होडका ६० मिली २’ अशी नोंद होती. आमच्या टेबलावर बाकी सगळे बिअर किंवा व्हिस्की पीत होते. व्होडका कोणी घेतल्याचे कोणालाच आठवत नव्हते. ज्याने पैसे भरले होते त्याच्याकडून मी मूळ बिल मागून घेतले आणि पोलिसांकडे देण्यापूर्वी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, कारण बारमधले बिल उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असते आणि ते काही महिन्यांत पुसट होते.

मंगळवारी सीसीटीव्हीचा डीव्हीआर ताब्यात घेण्यात आला. त्या ठिकाणी पंधरा दिवसांनंतर जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत असे, त्यामुळे मी बारच्या व्यवस्थापकांनाही चित्रण जपून ठेवण्याचे पत्र आधीच दिले होते. चित्रण मला दाखवले गेले नाही, आणि ते योग्यच होते. त्यात काउंटरवरून व्होडका घेऊन ती माझ्या ग्लासात ओतणारा माणूस दिसतो, हे मला नंतर कळले. मला घरी सोडण्याचा आग्रह दोनदा धरणारा तोच होता.

त्याला सत्र न्यायालयातून अटकपूर्व जामीन मिळाला. त्याचे म्हणणे होते की ही गंमत होती, एकदा घेऊन बघितली की मी ‘मोकळी’ होईन असे त्याला वाटले. हा शब्द मला दारूपेक्षा जास्त लागला. कार्यालयातील निम्म्या लोकांना तो युक्तिवाद पटण्यासारखा वाटत होता. कारण त्यांच्या कल्पनेत अशा गोष्टी अनोळखी माणूस करतो आणि त्यासाठी रंगहीन, गंधहीन औषध लागते. वास्तविक पेयात मिसळायला सर्वांत सहज मिळणारा पदार्थ दारू हाच आहे आणि तो विकत घेण्यासाठी कोणालाही लपावे लागत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या तपासपट्ट्या ठरावीक औषधांसाठी असतात. माझ्या ग्लासात त्यातली एखादी बुडवली असती, तर तिने मला निर्धास्त केले असते. कंपनीच्या चौकशीविषयी एवढेच लिहिते की ती सुरू असतानाच मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला.

मग वाट बघणे आले. तपासाची प्रगती तक्रारदाराला ९० दिवसांत कळवण्याची तरतूद आहे. मी १९ एप्रिलच्या आसपास लेखी विचारणा केली, तेव्हा ‘नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत प्रलंबित’ असे एका ओळीचे उत्तर आले. त्या महिन्यांत मी बाहेर पाणीसुद्धा पीत नसे. वहिनीच्या सांगण्यावरून समुपदेशकांकडे गेले, सहा बैठका झाल्या, प्रत्येकी १,२०० रुपये. या सगळ्यात माझ्या अकरा रजा खर्च झाल्या.

२७ जून रोजी अहवाल पोलिसांकडे आला. सरकारी रुग्णालयात घेतलेल्या रक्तात आणि लघवीत काहीही आढळले नाही, ना दारू, ना गुंगीचे औषध. राखाडी झाकणाच्या नळीत ०.११८ टक्के एथिल अल्कोहोल आढळले, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११८ मिलिग्रॅम; वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तो आकडा मी आईला दाखवला. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि मग तिने विचारले, “मी फोन केला नसता तर?” मी तिला सांगितले की त्याला दुसरे काही निमित्त मिळाले असते.

दोषारोपपत्र १६ सप्टेंबरला दाखल झाले. कागदपत्रांची ओळख पटवण्यासाठी त्याच्या आदल्या आठवड्यात मला ठाण्यात बोलावले होते. हवालदारांनी मुद्देमालातील पाकीट उघडून मूळ बिल टेबलावर ठेवले, तेव्हा त्यावर बारचे नाव आणि एकूण रक्कम फिकट दिसत होती, मधल्या ओळी जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी ते ट्यूबलाइटखाली तिरके धरून पाहिले. मी पिशवीतून माझी झेरॉक्स काढून शेजारी ठेवली आणि त्यांनी तिच्यावरून एकेक ओळ बोटाने वाचत पंचनाम्याशी ताडून बघितली.